बाबांचा आवडता मारधाडपट आणि उठून गेलेली नात

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. दिवाळीत सगळे घरी जमले होते. एकाहत्तर वर्षांच्या वडिलांनी त्यांच्या तरुणपणीचा एक मारधाडीचा सिनेमा लावायला सांगितला. ऐंशीच्या दशकातला, बहिणीचा सूड, खलनायकाचा अड्डा, शेवटी गोदामातली हाणामारी. टीव्ही नवा, 55 इंची. तुमची सोळा वर्षांची मुलगी पहिल्या मारामारीपासूनच हसायला लागली, आणि बहिणीवरच्या अत्याचाराचा सीन सुरू झाला तशी उठून आत गेली. वडील 'बंद करा ते' म्हणाले आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तुम्हालाही सिनेमा टुकार वाटला, आणि लहानपणी त्याच्यावर जीव टाकला होता म्हणून ते जास्तच लागलं. आता तुम्ही विचारताय की सिनेमा तेव्हाच वाईट होता की आपण बदललो, आणि तो पुन्हा कधी लावावा की नाही.

नाव तुम्ही दिलेलं नाही, आणि त्याने काही अडत नाही. या वर्णनात बसणारे पंधरा-वीस सिनेमे मी माझ्या हाताने चालवलेत. 1984 पासून पुढची बावीस-तेवीस वर्षं मी नाशकात एका थिएटरात ऑपरेटर, म्हणजे केबिनमध्ये बसून प्रोजेक्टर चालवणारा, होतो. उपग्रहावरून डिजिटल सिनेमा यायला लागला, रिळांच्या पेट्या यायच्या बंद झाल्या, आणि आमचं काम संपलं. आता ओळखीच्या एका हॉलमध्ये महिन्यातून एकदा वीस-पंचवीस जणांना जुने सिनेमे दाखवतो. म्हणजे हे सिनेमे मी आधी केबिनच्या काचेतून पाहिले आणि आता लोकांच्या शेजारी बसून पाहतो. दोन्हीकडून ते वेगळे दिसतात.

तुम्ही सिनेमाबद्दल विचारलंय, पण मला वाटतं तुमची अडचण वेगळी आहे. मुलगी बरोबर होती हे तुम्हाला मनातून पटलंय, आणि वडिलांना तसं सांगायची हिंमत होत नाहीये. त्यावर येतोच. आधी सिनेमावरचे काही खोटे आरोप काढून टाकू, कारण त्या संध्याकाळी जे हास्यास्पद दिसलं त्यातला बराचसा दोष तुमच्या टीव्हीचा असावा. किती, ते तुमच्याकडे कोणती प्रत होती आणि टीव्हीची सेटिंग काय होती यावर अवलंबून आहे.

रिळावर सेकंदाला 24 चित्रं असतात. मारामारी जोरकस दिसावी म्हणून ती पुष्कळदा 20 किंवा 22 च्या वेगाने शूट करायचे आणि पडद्यावर 24 ने पळवायचे, की हात चटचट चालल्यासारखे दिसतात. आता नवा टीव्ही काय करतो, तर दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चित्रं घालून हालचाल गुळगुळीत करतो. क्रिकेटला ते बरं दिसतं. सिनेमाला लावलं की सगळं मालिकेसारखं दिसतं, आणि ठोसा गालापासून वीतभर लांबून गेला हे लख्ख कळतं. कंपनीगणिक त्याचं नाव वेगळं, कुठे मोशनफ्लो, कुठे ट्रूमोशन, कुठे ऑटो मोशन प्लस. ते बंद करा. 'फिल्ममेकर मोड' दिसला तर तो लावा, बाकी काही छेडू नका.

दुसरं, उजेड. आमच्याकडे कार्बनचे दिवे होते. दोन कांड्या समोरासमोर जळायच्या आणि त्या जळतील तशा पुढे सरकवत राहायचं. आमचा मालक काटकसरी, कांडीचं थोटूक होईपर्यंत बदलू द्यायचा नाही, त्यामुळे शोच्या शेवटी पडदा चहासारखा पिवळट. त्या उजेडात नायकाऐवजी काच फोडून बाहेर पडणाऱ्या डुप्लिकेटचा चेहरा कुणाला दिसणार? सिनेमावाल्यांनाही हे ठाऊक होतं, ते त्या बेताने शूट करायचे. आज तोच शॉट झगझगीत पडद्यावर चार फुटांवरून पाहिला की डुप्लिकेटचा विग, उडी मारायच्या जागी पसरलेली खोकी, कड्यावरून पडणारा कापडी बाहुला, सगळं मोजता येतं. त्यातून प्रत 'साफ' केलेली असेल तर फिल्मवर मुळातच दिसणारे बारीक दाणे घालवायच्या नादात चेहरे मेणाचे होतात.

तिसरं, चौकट. सिनेमास्कोपचा पडदा उंचीच्या जवळजवळ अडीचपट रुंद, तुमचा टीव्ही पावणेदोनपट. वरखाली काळ्या पट्ट्या लोकांना आवडत नाहीत म्हणून कित्येक फुकट प्रतींमध्ये दोन्ही कडा कापून मधलंच चित्र मोठं करतात. मारामारीत डाव्या कोपऱ्यातून मारणारा आणि उजव्या कोपऱ्यात पडणारा दोघेही चौकटीबाहेर जातात, आणि उरतो मध्ये हवेत हात फिरवणारा नायक. हसू येणारच.

आवाजाचंही तेच. तो 'ढिशूम' पडद्यामागच्या भोंग्यांसाठी केलेला असायचा. छातीवर आदळायचा. टीव्हीचे स्पीकर बोटाएवढे, त्यांतून तो पत्र्याच्या डब्यावर चापट मारल्यासारखा येतो. साधा साउंडबार असेल तर जोडा. मात्र नंतर नवे आवाज घालून काढलेली प्रत टाळा, त्यात पाऊल टाकलं तरी बॉम्ब फुटल्यासारखं वाटतं.

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको, कारण फाळक्यांच्या सिनेमांचंही लोकांनी हेच केलं. मूकपट साधारण 16 ते 18 च्या वेगाने, हाताने हँडल फिरवून शूट व्हायचे. ते 24 ने पळवले की माणसं कोंबड्यांसारखी तुरुतुरु चालतात, आणि आपण समजतो की तेव्हा अभिनयच तसा होता. 1919 चा 'कालियामर्दन' मी बरोबर वेगाने लावून दाखवला तेव्हा हॉलमध्ये कुणी हसलं नाही. फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झालीय. तिचा चेहरा बघत मंडळी गप्प बसली होती.

आता जरा वेगळी गोष्ट, माझ्या धंद्यातली. तुम्हाला आठवतो तो सिनेमा आणि दिवाळीत लावलात तो सिनेमा एकच नाहीत. ऐंशीच्या दशकात नाशकात, तेही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला आलेली प्रिंट म्हणजे ठिकठिकाणी तुटलेली आणि सॉल्यूशनने चिकटवलेली. प्रत्येक जोडात काही चित्रं जायची. शिवाय शेवटचा शो वेळेत सुटला पाहिजे, कारण सातपूर-अंबडच्या कामगारांना परत जायला शेवटची बस गाठायची असायची. मग मालक सांगायचा, 'ते दुसरं गाणं उडव.' गाणं उडायचं. विनोदी नटाचं उपकथानक उडायचं. कोर्टाचा लांबलचक सीन तर पहिल्या रविवारनंतर आमच्याकडे कधी लागलाच नाही. तीन तासांचा सिनेमा आम्ही अडीच तासांत घरी पाठवत होतो, आणि लोक म्हणायचे, काय फास्ट पिक्चर आहे! तुम्ही लहानपणी जो 'एक मिनिट कंटाळा येत नाही' असा सिनेमा पाहिलात, त्याच्या संकलनात कुठल्यातरी ऑपरेटरच्या कात्रीचाही हात असणार. आता पूर्ण प्रत पाहताना मध्येच रेंगाळल्यासारखं झालं ते त्यामुळे.

मुलीच्या हसण्याबद्दल म्हणाल तर ते फार मनाला लावून घेऊ नका. हसणं म्हणजे दरवेळी अपमान नसतो. आपल्याच जिल्ह्यात मालेगावकरांनी 'शोले'ची नक्कल करून स्वतःचा 'मालेगाव के शोले' काढला, घरच्या कॅमेऱ्यावर. त्यात टिंगल आहे आणि 'शोले'वरचं प्रेमही तेवढंच आहे, वेगळं काढता येत नाही. मुलीला एवढंच सांगा की उडी खोट्या उंचीवरून असली तरी उडी मारणारा माणूस खरा होता. 1991 च्या 'फूल और काँटे'त दोन चालत्या मोटारसायकलींवर एकेक पाय ठेवून उभा असलेला अजय देवगण तिने मीममध्ये पाहिला असेलच. त्याचे वडील वीरू देवगण म्हणजे हिंदी सिनेमातले नावाजलेले फाइट मास्टर. तारा बांधून मागाहून कॉम्प्युटरवर पुसायची सोय तेव्हा नव्हती. काय चुकलं तर हाड मोडायचं, बस. हे कळलं की पोरं हसता हसता थांबतात, पुढचा शॉट नीट बघतात. माझा तसा अनुभव आहे.

तर इथपर्यंतचा हिशेब असा, की चित्र, आवाज, वेग, लांबी यांतलं बरंचसं दुरुस्त होतं, आणि जे होत नाही त्याची गंमत सांगता येते. तो सीन राहिला.

त्याबाबतीत मी टीव्हीला दोष देणार नाही. त्या प्रकारच्या सिनेमात बहीण हे पात्र नसतंच. ती काडेपेटीतली काडी असते. दुसऱ्या रिळात भावाला राखी बांधते, चौथ्यात ओढली जाते, आणि पेटते ती नायकाची मशाल. तिला काय वाटलं, ती जगली असती तर पुढे काय, याच्याशी सिनेमाला देणंघेणं नसतं. आणि जे दाखवतात ते दुःख म्हणून दाखवत नाहीत. कॅमेरा कुठे ठेवलाय ते पाहा. तो तिच्या चेहऱ्यावर कमी आणि फाटणाऱ्या पदरावर जास्त असतो.

हे मला आज सुचलेलं शहाणपण आहे असं समजू नका. मला तेव्हाही कळत होतं, कारण मी ऐकत होतो. केबिनला पुढचा आवाज बरोबर येतो. त्या सीनला स्टॉलच्या पुढच्या रांगांतून शिट्ट्या यायच्या. आमची केबिन बाल्कनीच्या मागे, प्रोजेक्टरशेजारच्या छोट्या काचेतून बाल्कनीतली डोकी दिसायची. लेडीज खिडकीवर रांग लावून तिकीट काढलेल्या बायका. तो सीन सुरू झाला की त्या डोक्यांची एक ओळ खाली जायची, मांडीवरच्या पोराचं टोपडं सारखं कर, पिशवीत काहीतरी शोध. सीन संपला की डोकी वर. आठवड्याला अठ्ठावीस शो, अठ्ठावीस वेळा हेच. आणि मालकाने मला गाणं कापायला सांगितलं, कोर्ट कापायला सांगितलं, पण त्या रिळाला हात लावायचा नाही हे बजावून ठेवलं होतं. मी लावला नाही. मी त्या वेळी दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ भरत असायचो.

तुमचे वडील किंवा तुम्ही आता म्हणाल की काळच तसा होता. हे वाक्य मी स्वतः वापरलंय, आणि ते तोंडावर पडलंय. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलामुलींना असाच एक सिनेमा दाखवला, आधी काही न सांगता. नंतर चर्चेत मी तेच म्हणालो. एक मुलगी म्हणाली, 'काका, तेव्हा काकू काय म्हणाल्या होत्या?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, 'मी दोनदाच आले तुमच्या थिएटरला. तिसऱ्यांदा का नाही आले, हे तुम्ही आज विचारताय.'

काळाचंच म्हणाल तर तो काळ एकच नव्हता. 1972 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. त्याविरुद्ध 1979 मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, 1980 मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. मी केबिनमध्ये लागलो त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे ज्या वर्षांत बाहेर मोर्चे निघत होते त्याच वर्षांत आत शिट्ट्या वाजत होत्या. आपण कुठल्या बाजूच्या काळाबद्दल बोलतोय ते आधी ठरवावं लागेल. नायिकेचा पाठलाग करून तिला 'पटवणं' हेही तसंच. 2013 मध्ये ते तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत कलम 354-ड खाली गुन्हा म्हणून लिहिलं गेलं. पण ज्या मुलींचा पाठलाग व्हायचा त्यांना 1985 मध्येही ते गाणं वाटत नव्हतं.

तेव्हा मुलगी उठून गेली त्यात तिचं काही चुकलेलं नाही. तिला आजोबांची माफी मागायला लावू नका. ती बाल्कनीतल्या बायकांपेक्षा मोकळी, एवढाच फरक. त्यांना मान खाली घालावी लागायची, हिला उठून जाता आलं.

आता वडील. माझा अंदाज सांगतो, चुकीचा असू शकेल, कारण मी त्यांना ओळखत नाही. ते सिनेमासाठी रुसले नसावेत. नातीसमोर तो सीन लागला आणि आपणच तो लावायला सांगितला, याची त्यांना लाज वाटली असावी. त्या पिढीतला माणूस लाज वाटली की रागावल्यासारखा गप्प होतो. तो सीन त्या सिनेमात आहे हे त्यांना बहुधा आठवतच नव्हतं. आमच्या हॉलमध्ये हे सारखं घडतं. साठीच्या पुढचे लोक म्हणतात, 'अहो, हे होतं का यात?' त्यांना फाइट आठवते, डायलॉग आठवतो, मित्राने ब्लॅकमध्ये घेतलेलं तिकीट आठवतं. ज्याची झळ बसली नाही ते आठवत नाही.

म्हणून 'सिनेमा वाईट आहे' असं त्यांना पटवायला जाऊ नका. त्याऐवजी एकटे असताना विचारा की त्यांनी तो कुणाबरोबर पाहिला होता. पाळी सुटल्यावर गेले होते का, सायकल कुठे लावली, कितीचं तिकीट होतं. ते बोलायला लागतील. जीव त्या संध्याकाळीत अडकलेला असतो, आणि ती संध्याकाळ टुकार नव्हती. मग हळूच म्हणा, 'तो सीन मलाही नाही बघवला.' तेवढं पुरे. पुढचं ते बोलले तर ऐका, नाही बोलले तर विषय सोडा.

पुन्हा लावायचा असेल तर मी असं करेन. आधी एकट्याने पाहून घ्या आणि तो सीन कितव्या मिनिटाला सुरू होतो, कितव्याला संपतो ते लिहून ठेवा. सगळ्यांबरोबर बसताना आधीच सांगा की मध्ये असा प्रसंग आहे, आपण तो पुढे ढकलणार आहोत, आणि का ते. गुपचूप ढकलू नका. गुपचूप कापायचं काम मी वीस वर्षं केलंय, त्याने पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. किंवा सरळ शेवटची वीस-पंचवीस मिनिटंच लावा, गोदामातली फाइट, आणि कॉमेंट्री वडिलांना करू द्या. मुलीला यायचं असेल तर येईल. माझं स्वतःचं मत विचाराल तर या प्रकारच्या दहापैकी आठ सिनेमांना त्या शेवटच्या फाइटपलीकडे पुन्हा पाहण्यासारखं फार काही नाही, आणि असं म्हणताना मला वाईटही वाटत नाही.

प्रत नीट मिळावी म्हणून एक युक्ती. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं तिथे थांबवा. त्यावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. 35 मिमीची फिल्म मिनिटाला साधारण 27.4 मीटर पळते. म्हणजे 4,000 मीटर असेल तर सिनेमा 146 मिनिटांचा हवा. तुमची प्रत 140 च्या आसपास असेल आणि आवाज किंचित चिरके वाटत असतील तर ती सेकंदाला 24 ऐवजी 25 चित्रांच्या वेगाने केलेली आहे, काही कापलेलं नाही. 120 असेल तर माझ्यासारख्या कुणीतरी हात मारलाय, दुसरी शोधा.

आणि वडील बोलते झाले तर एक विचाराल का? तो सिनेमा त्यांनी नाशकातच पाहिला असेल, तर मध्यंतरानंतर रीळ बदलताना दहा-पंधरा सेकंद पडदा पांढरा पडला होता का आणि पब्लिकने आरडाओरडा केला होता का. होकार आला तर थिएटरचं नाव कळवा. तो मी असण्याची बरीच शक्यता आहे.